शब्दावरचा व्यवहार: ग्रीन डे, लुकआउट आणि रिप्रीझ

ऑगस्ट 2005. ग्रीन डे या अमेरिकन पंक रॉक बँडच्या 'अमेरिकन इडियट' या अल्बमला त्याच वर्षी सर्वोत्कृष्ट रॉक अल्बमचं ग्रॅमी मिळालं होतं. जूनमध्ये इंग्लंडमधल्या मिल्टन कीन्सला ग्रीन डे दोन दिवसांत सुमारे 1 लाख 30 हजार लोकांपुढे वाजवून आला होता. आणि या भरभराटीतच बातमी आली की ग्रीन डेने आपले सुरुवातीचे अल्बम लुकआउट रेकॉर्ड्स या छोट्या लेबलकडून, म्हणजे रेकॉर्ड काढणाऱ्या कंपनीकडून, काढून घेतले. कारण एकच होतं, थकलेली रॉयल्टी.

पंक संगीतात मोठ्या कंपनीला खलनायक आणि छोट्या लेबलला घरचं माणूस मानायची रीत आहे. या प्रकरणात पैसे थकले ते घरच्या माणसाकडे. म्हणूनच ते नीट मांडावंसं वाटलं. बँड आणि लेबलं जगजाहीर आहेत, त्यांची नावं ठेवली आहेत. व्यवहारात आलेल्या बाकी लोकांची नावं जिथे गरज नाही तिथे गाळली आहेत.

पार्श्वभूमी

सॅन फ्रान्सिस्कोच्या खाडीपलीकडे, पूर्व किनाऱ्यावर, रोडिओ नावाचं तेलशुद्धीकरण कारखान्याचं गाव आहे. बिली जो आर्मस्ट्राँग आणि माइक डर्न्ट हे शाळेतले दोस्त त्याच भागात वाढले. त्यांच्या बँडचं पहिलं नाव स्वीट चिल्ड्रन. जवळच्या बर्कलीत 1986च्या अखेरीस '924 गिलमन स्ट्रीट' नावाची जागा सुरू झाली होती. एका गोदामात, स्वयंसेवकांच्या जिवावर चालणारी. दारू नाही, ड्रग्ज नाहीत, मारामारी नाही, वंशभेद नाही. कुठल्याही वयाच्या मुलाला आत यायला मिळायचं. मोठ्या लेबलशी करार केलेल्या बँडला मात्र तिथे वाजवायची मनाई होती. हा शेवटचा नियम पुढे आपल्या गोष्टीत फार महत्त्वाचा ठरतो.

लुकआउट रेकॉर्ड्स 1987मध्ये लॅरी लिव्हरमोर आणि डेव्हिड हेज यांनी सुरू केलं. लिव्हरमोरने ही पोरं ऐकली आणि त्यांची पहिली ईपी, म्हणजे मोजक्या गाण्यांची छोटी रेकॉर्ड, 1989मध्ये काढली. ती बाजारात येण्याआधीच बँडने नाव बदलून ग्रीन डे केलं होतं. पहिला पूर्ण अल्बम '39/स्मूद' 1990मध्ये आला. तो रेकॉर्ड करायला लागले अवघे काहीशे डॉलर. त्यानंतर ड्रमर बदलला आणि ट्रे कूल आला. तो पूर्वी खुद्द लिव्हरमोरच्या बँडमध्ये वाजवायचा. एवढ्यावरून लेबल आणि बँड किती एकमेकांत मिसळलेले होते ते कळतं. हिशोब ठेवणारा माणूस आणि ढोल बडवणारा पोरगा एकाच तालमीच्या खोलीतले. दुसरा अल्बम 'करप्लंक' 1991च्या अखेरीस निघाला आणि त्याच्या पहिल्या प्रती बघता बघता संपल्या.

व्यवहार बहुतांश शब्दावर होता. खर्च वजा जाता उरलेल्या नफ्यातला मोठा वाटा बँडला, उरलेला लेबलला, आणि मूळ ध्वनिमुद्रणाचा म्हणजे मास्टरचा हक्क बँडकडे. मोठ्या कंपन्यांचं गणित अगदी उलटं असतं. तिथे मास्टर कंपनीचे असतात आणि बँडला विक्रीवर ठरलेल्या टक्क्याने रॉयल्टी मिळते. आधी मिळालेला ॲडव्हान्स त्याच रॉयल्टीतून वळता होतो. ॲडव्हान्स म्हणजे शेवटी उचलच. मुकादम ऊसतोड टोळीला देतो तशी. हातात पैसा लवकर येतो, पण तो फिटेपर्यंत पुढचं काही मिळत नाही.

समजा, एका रेकॉर्डमागे खर्च जाऊन चार डॉलर उरले. छोट्या लेबलने त्यातले साठ टक्के दिले तर बँडला दोन डॉलर चाळीस सेंट. मोठ्या कंपनीत त्याच रेकॉर्डमागे एखादा डॉलर, तोही स्टुडिओ, व्हिडिओ, दौरा यांतला वळता होणारा खर्च फिटल्यावर. म्हणजे प्रत्येक प्रतीमागे छोटं लेबल बँडला जास्त देतं. गोम अशी की नफ्याचा वाटा आधी लेबलच्या गल्ल्यात जमा होतो आणि मग बँडकडे येतो. मधल्या काळात बँडचा पैसा लेबलच्या हातात असतो. त्याला तारण नाही, व्याज नाही, फक्त विश्वास.

पेच

1992-93मध्ये ग्रीन डे अमेरिका आणि युरोप पालथा घालत होता. ट्रेच्या वडिलांनी एक जुनी फिरत्या ग्रंथालयाची बस घेऊन तिचं दौऱ्याच्या गाडीत रूपांतर केलं आणि ते स्वतःच ती चालवायचे. जिथे पुस्तकांची कपाटं असायची तिथे ॲम्प्लिफायर आणि झोपायच्या फळ्या. या बसमधून उतरून बँड ज्या हॉलमध्ये वाजवायचा तिथली गर्दी आता गिलमनमध्ये मावण्यासारखी राहिली नव्हती. हॉल छोटे पडू लागले होते आणि छोट्या लेबलची पोहोच तोकडी.

त्याच सुमाराला निर्वाणा या बँडच्या 1991च्या यशाने मोठ्या कंपन्यांना जाग आली होती. गॅरेजमध्ये वाजवणाऱ्या प्रत्येक बँडच्या दारात कुणी ना कुणी चेकबुक घेऊन उभं राहत होतं. ग्रीन डेने व्यवस्थापनासाठी दोन वकील नेमले आणि त्यांनी डेमो, म्हणजे नमुन्याचं रेकॉर्डिंग, कंपन्यांकडे पाठवला. रिप्रीझ रेकॉर्ड्समधला निर्माता रॉब कॅव्हालो याच्याशी बँडचं जमलं. त्याने द मफ्स या कॅलिफोर्नियातल्या पंक बँडचा अल्बम केला होता आणि तो या पोरांना आवडलेला होता. रिप्रीझ 1960मध्ये फ्रँक सिनात्राने काढलेलं लेबल, आता वॉर्नरच्या छत्राखाली.

प्रश्न फक्त 'जायचं की राहायचं' एवढा नव्हता. खरा गुंता असा होता की जायचं ठरलं तर मागे राहिलेल्या दोन अल्बमांचं काय करायचं. पंकच्या चर्चांमध्ये पहिल्या प्रश्नावर पानंच्या पानं लिहिली गेली. दुसऱ्याकडे त्या वेळी फारसं कुणाचं लक्षच नव्हतं.

समोरचे पर्याय

लुकआउटकडेच राहणं हा एक पर्याय होता. मान राहिला असता, गिलमन राहिलं असतं, प्रत्येक प्रतीमागचा वाटाही चांगला मिळाला असता. पण तीन बेडरूमच्या घरात मावेल एवढ्या यंत्रणेवर देशभरच्या दुकानांत माल पोचवणं त्या लेबलला जमलं नसतं.

दुसरा रस्ता स्वतःचं लेबल काढण्याचा. वॉशिंग्टनच्या फुगाझी बँडचा इयान मकाय डिस्कॉर्ड हे स्वतःचं लेबल चालवत होता, तिकिटं पाच डॉलरच्या आसपास ठेवत होता, आणि त्याच्या मागे कुणी मालक नव्हता. मला वैयक्तिक विचाराल तर तो रस्ता सगळ्यात सरळ. पण त्यासाठी बँडमधल्या एकाला तरी व्यवहाराची, वितरणाची, कागदोपत्री कामाची चिकाटी हवी. विशीतल्या या तिघांना फक्त वाजवायचं होतं.

तिसरा पर्याय मोठ्या स्वतंत्र लेबलचा, उदाहरणार्थ लॉस एंजेलिसच्या एपिटाफचा. आज मागे वळून पाहिलं तर तो अगदी व्यवहार्य दिसतो, कारण द ऑफस्प्रिंगचा 'स्मॅश' एपिटाफनेच 1994मध्ये काढला आणि एकट्या अमेरिकेत त्याच्या साठ लाखांहून जास्त प्रती खपल्या. पण 1993मध्ये हे कुणालाच ठाऊक नव्हतं. एपिटाफच्या मालकाचा स्वतःचा बँड बॅड रिलिजन त्याच वर्षी अटलांटिक या मोठ्या कंपनीकडे निघाला होता.

शेवटचा पर्याय रिप्रीझ.

मोठ्या कंपनीच्या विरोधातला सगळ्यात धारदार युक्तिवाद त्याच काळात स्टीव्ह अल्बिनी या संगीतकार-ध्वनिमुद्रकाने एका लेखात केला. त्याने एका काल्पनिक बँडचा मोठ्या कंपनीबरोबरचा पूर्ण हिशोब मांडून दाखवला. अखेरीस कंपनीला 7 लाख 10 हजार डॉलर आणि बँडमधल्या प्रत्येकाला सुमारे 4,031 डॉलर. 'मॅक्सिमम रॉकन्रोल' या सॅन फ्रान्सिस्को खाडीच्या परिसरातल्या पंक मासिकाने 1994च्या उन्हाळ्यातल्या अंकात तो पुन्हा छापला. तो हिशोब मी अनेकदा वाचला आहे आणि त्यातलं गणित बरोबरच आहे. फक्त एक गृहीत त्यात अडकलेलं आहे: की बँडची रेकॉर्ड अडीच लाखांच्या आसपास खपेल. ग्रीन डेची त्याच्या कित्येक पट खपली, आणि तिथे सगळं गणित बदललं.

काय केलं

1993मध्ये बँडने रिप्रीझशी करार केला. दोन-तीन गोष्टी मात्र सांभाळल्या आणि त्या मला फार महत्त्वाच्या वाटतात. करार मिळवून देणारा माणूस आणि अल्बमचा निर्माता एकच, म्हणजे कॅव्हालो. त्यामुळे बँड आणि कंपनी यांच्यात निरोप पोचवणारा तिसरा माणूस नव्हता. रेकॉर्डिंग लॉस एंजेलिसला न करता घराजवळ बर्कलीतल्या फँटसी स्टुडिओत केलं. मुखपृष्ठ कंपनीच्या चित्रकाराकडून न घेता खाडीच्या पूर्व किनाऱ्यावरच्याच रिची बूकर या दोस्ताकडून काढून घेतलं. 1 फेब्रुवारी 1994ला 'डूकी' आला. सुरुवातीचे दौरेही त्याच ग्रंथालयाच्या बसमधून झाले.

आता जुन्या अल्बमांचा निर्णय. मोठी कंपनी असे जुने अल्बम खुशीने विकत घेते. नवा अल्बम चालला की जुने आपोआप चालतात. बँडने ते लुकआउटकडेच ठेवले. त्यांना घडवणाऱ्या लेबलला त्यातून कमाई मिळत राहावी ही भावना त्यामागे होती. मला हा निर्णय आजही देखणा वाटतो. तरण्या वयात, समोर पैसा दिसत असताना, मागच्या घराला विसरायचं नाही असं ठरवणारे फार थोडे असतात.

'डूकी'च्या अमेरिकेत एक कोटीहून जास्त प्रती गेल्या. त्याच्या ओढीने 'करप्लंक'ही दहा लाखांवर गेला आणि पहिल्या अल्बमलाही गोल्ड प्रमाणपत्र मिळालं. लुकआउटसारख्या लेबलसाठी हे धरण फुटावं तसं होतं. जो पैसा आला त्यातला मोठा वाटा बँडचा होता, पण येत होता तो एकाच गल्ल्यात. त्याच गल्ल्यातून कर्मचाऱ्यांचे पगार, नव्या बँडांचं रेकॉर्डिंग आणि जाहिराती चालायच्या.

1997मध्ये लिव्हरमोर बाहेर पडला. लेबल क्रिस ॲपलग्रेन आणि त्याच्या दोन सहकाऱ्यांकडे आलं. ॲपलग्रेन किशोरवयापासून लुकआउटमध्ये राबलेला, लेबलच्या रेकॉर्डांची कितीतरी चित्रं त्याच्याच हातची. नव्या मालकांनी लेबल वाढवायचं ठरवलं. दर वर्षी जास्त रेकॉर्ड, जास्त प्रसिद्धी, मोठा खर्च. द डॉनाज, टेड लिओ अशी चांगली नावं आली. पण एवढा खर्च भरून निघेल इतकं त्यातलं काही खपलं नाही. डॉनाज 2002मध्ये अटलांटिकवर गेल्या. मग तूट कुठून भरायची? ज्या दोन-तीन जुन्या रेकॉर्ड न थांबता खपत होत्या त्यांच्या पैशातून. ग्रीन डेची रॉयल्टी थकायला लागली ती याच वर्षांत.

इथला निर्णयबिंदू मला सगळ्यात अवघड वाटतो. ग्रीन डेला त्या पैशाची तातडीची गरज नव्हती. 2000चा 'वॉर्निंग' आधीच्यांपेक्षा कमी खपला होता, तरी हे लोक उपाशी नव्हते. मग जुन्या दोस्ताकडे तगादा कसा लावायचा? आपल्याकडे भावकीत दिलेल्या उसनवारीचं होतं तेच झालं. मागितलं तर तोंड वाईट, नाही मागितलं तर पैसा गेला. बँडने बरीच वर्षं कळ काढली.

2005च्या ऑगस्टमध्ये ती संपली. रॉयल्टी न देणं हा कराराचा सतत चाललेला भंग आहे असं सांगून बँडने मास्टरचे हक्क परत घेतले.

परिणाम

लुकआउटचा पाया एका झटक्यात निघाला. लेबलने बहुतेक कर्मचाऱ्यांना काढलं आणि नव्या रेकॉर्ड काढणं जवळपास थांबवलं. आपण ऐपतीबाहेर पसरलो हे ॲपलग्रेनने उघडपणे मान्य केलं. पाठोपाठ ऑपरेशन आयव्हीसह इतरही बँड आपले अल्बम काढून घेऊ लागले. ग्रीन डेचे दोन्ही अल्बम 2007मध्ये रिप्रीझने पुन्हा आणले. म्हणजे 1993मध्ये ज्या कंपनीला ते द्यायचं टाळलं, चौदा वर्षांनी तिच्याच शिक्क्याने ते दुकानात आले.

गिलमनचं नातं वेगळ्या वळणाने गेलं. करार झाल्यावर बँडला तिथे वाजवायला बंदी होती. भिंतीवर बिली जोच्या मरणाच्या घोषणाही लिहिल्या गेल्या. त्या दुखण्यातून 1995च्या अल्बमवरचं '86' हे गाणं झालं. मे 2015मध्ये एका प्रकाशनसंस्थेच्या गोदामाला लागलेल्या आगीनंतर मदतनिधीसाठी कार्यक्रम ठरला, आणि त्या रात्री बँड पुन्हा गिलमनच्या मंचावर उभा राहिला.

मधल्या काळात बिली जोने 1997मध्ये काही दोस्तांबरोबर ॲडेलीन रेकॉर्ड्स नावाचं स्वतःचं लेबल काढलं होतं. ते वीस वर्षं चाललं आणि 2017मध्ये बंद झालं. मोठ्या कंपनीत असतानाही छोट्या लेबलची ओढ सुटली नव्हती हे त्यातून दिसतं.

वेगळं काय करता आलं असतं

रिप्रीझला जाण्याचा निर्णय मी चुकीचा मानत नाही. त्याच भागातला, तितकाच लाडका जॉब्रेकर बँड गेफन या मोठ्या कंपनीकडे गेला, त्याचा 1995चा तो अल्बम चालला नाही, आणि पुढच्या वर्षी बँड फुटला. रॅन्सिड या पंक बँडने मोठ्या कंपन्यांना नकार देऊन एपिटाफवरच राहणं पसंत केलं आणि तेही नीट चाललं. कुठल्याही एका रस्त्याला सरळ बरोबर म्हणता येत नाही.

चूक झाली ती जुन्या अल्बमांबाबत, पण ते लुकआउटकडे ठेवण्यात नव्हे. ठेवताना कागदावर जे लिहायला हवं होतं ते न लिहिण्यात किंवा न वापरण्यात. 'डूकी' खपायला लागला त्याच क्षणी, म्हणजे 1994च्या उन्हाळ्यात, एक बैठक व्हायला हवी होती. बँडचा वाटा वेगळ्या खात्यात जमा व्हावा, लेबलच्या चालू खर्चात मिसळू नये. दर तीन महिन्यांनी प्रतींच्या संख्येसह लेखी हिशोब यावा. बँडच्या हिशोबनीसाला वह्या पाहण्याचा हक्क असावा. दोन हप्ते चुकले तर आपोआप काय होईल ते आधीच ठरलेलं असावं, म्हणजे ते करताना दोस्ताचं तोंड आठवायची वेळ येणार नाही. यातली एकही गोष्ट मैत्रीच्या आड येत नाही. उलट बैठक आनंदाच्या दिवसांत झाली असती तर तीत कुणाला अपमान वाटला नसता.

दुसरी गोष्ट वेळेची. पैसे थकायला लागल्यावर बँडने एकदम सगळं काढून घेण्याआधी मधली पावलं उचलता आली असती. एक अल्बम परत घ्यायचा आणि एक ठेवायचा. थकीत रक्कम हप्त्यांत बांधून द्यायची. 2002च्या आसपास असं एखादं पाऊल पडलं असतं तर लेबलला आपला पसारा आवरायचा इशारा वेळेवर मिळाला असता. बँडने दाखवलेला संयम चांगल्या मनाचा होता, हे मी आवर्जून म्हणेन. पण त्या संयमामुळेच लुकआउटला तीन-चार वर्षं दुसऱ्याच्या पैशावर चालवून घेता आलं, आणि जेव्हा हिशोब मागितला गेला तेव्हा देण्यासारखं काही उरलं नव्हतं.

लेबलच्या बाजूने पाहिलं तर प्रश्न आणखी बोचतो. 1994-95चा पैसा हा पाऊस होता, नदी नव्हे. त्यातल्या स्वतःच्या वाट्यावर वितरण मजबूत करायचं, दरवर्षी चार-पाचच रेकॉर्ड काढायच्या आणि बँडचा वाटा डोळे झाकून वेगळा ठेवायचा. हे पहिल्या मालकांनाही जमलं असतं आणि दुसऱ्यांनाही.

आणि ज्यांचं नाव कुठल्याच बातमीत आलं नाही ते छोटे बँड. त्यांच्या रेकॉर्ड काही हजारच खपायच्या, त्यांचीही रॉयल्टी थकली होती, आणि ग्रीन डेसारखा वकील त्यांच्याकडे नव्हता. मोठ्या बँडने 2005मध्ये आपले अल्बम उचलले तेव्हा लेबलमधला उरलासुरला पैसाही गेला आणि यांच्या थकबाकीची आशा त्याच्याबरोबर गेली. त्या वेळी सगळ्या बँडांनी एकत्र बसून, कुणाला किती येणं आहे याची एक यादी करून लेबलसमोर ठेवली असती तर काय झालं असतं, हा विचार माझ्या मनातून जात नाही. लुकआउट 2012च्या सुरुवातीला बंद झालं. उरलेल्या बँडांना आपले मास्टर परत मिळायला लागले ते तेव्हा.